बेचाळीस नंबरचा ओढा

गणितीण कागद घेऊन खाली आली तेव्हा बाई पांढऱ्या ट्रेमधून चिमट्याने लाल अळ्या वेचत होत्या. वेचणं चालू असताना बोलायचं नाही, हा तळमजल्याचा नियम. तो कधीतरी बाईंनीच घातलेला आणि बाकीच्यांनी निमूट पाळलेला. म्हणून गणितीण दाराशीच उभी राहिली. शेवटची अळी स्पिरिटच्या बाटलीत पडली, बूच लागलं, बाईंनी मान वर केली. मग ती पुढे आली आणि हसतच म्हणाली, "बाई, एकेचाळीस आणि बेचाळीस ही काय जुळी भावंडं आहेत का?"

बाईंना प्रश्न लगेच समजला, आणि तो इतका लगेच कसा समजला याचंच त्यांना आधी नवल वाटलं. सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी चिमटा फडक्यावर ठेवला, तो फडक्याच्या कडेशी समांतर नाही असं पाहून जरा सरळ केला. हात नेहमीसारखेच चालत होते. "बघू," त्या म्हणाल्या, आणि कागदासाठी हात पुढे केला.

पाण्याची तपासणी करणाऱ्या त्या कचेरीत बाईंची तीस वर्षं गेली होती. ओढ्यानाल्यांत राहणारे किडे ओळखणं हे त्यांचं काम, म्हणून माघारी त्यांना किडेबाई म्हणत आणि समोर नुसतं बाई. वरच्या मजल्यावर आकड्यांचा कारभार चाले. तिथे दोन वर्षांपूर्वी ही पस्तिशीची, गणित शिकलेली नवी अधिकारी आली होती. तिला सगळे गणितीण म्हणायचे, आणि ती स्वतःही फोन उचलून 'गणितीण बोलतेय' म्हणायची. ओढा धडधाकट आहे की आजारी हे ठरवायची कचेरीची एक रीत होती. माणसाचा हात न लागलेले एकशे तीस ओढे फार पूर्वी निवडलेले होते. प्रत्येकाची उंची, उतार, रुंदी, तळाचे दगड, आणि त्यात सापडलेल्या किड्यांची यादी, हे सगळं संगणकातल्या मॉडेलला शिकवलेलं होतं. पुढे कुठलाही नवा ओढा आला की त्याची उंची-उतार-रुंदी मॉडेलला सांगायची. ते उत्तर द्यायचं, की असा ओढा निरोगी असता तर त्यात किड्यांची अमुक कुळं सापडायला हवी होती. खरोखर किती सापडली ते बाईंनी सांगायचं. सापडलेल्यांना अपेक्षितांनी भागायचं. उत्तर एकाच्या आसपास आलं तर ओढा ठणठणीत. पॉइंट सहाच्या खाली गेलं तर आजारी, आणि वरच्या अंगाला कोण काय सांडतंय याची चौकशी सुरू. म्हणजे सगळा डोलारा त्या एकशे तीस ओढ्यांवर उभा.

फळं डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या ओढ्याला पॉइंट सत्तावन्न मिळाले होते. कारखान्याने हरकत घेतली होती, सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती, आणि कुणी बोट ठेवू नये म्हणून गणितीण जुन्या एकशे तीसही ओढ्यांची डोळ्यांत तेल घालून फेरतपासणी करत होती. बेचाळीसला तिचं घोडं पेंड खात होतं. तळाला वाळू, उतार अगदी कमी, आणि किडे मात्र सगळे खडकाळ, उड्या मारत उतरणाऱ्या ओढ्यातले. अंगरखा एकाचा आणि आत माणूस दुसराच. शिवाय डोंगरापलीकडच्या एकेचाळीस नंबरशी यादी तंतोतंत जुळत होती, फक्त दोन कुळं कमी. ती दोन कुळं कोणती ते कागद न बघताही बाईंना सांगता आलं असतं. जुन्या वह्या बघून सांगते, असं त्या म्हणाल्या. गणितीण बरं म्हणून वर गेली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नुसती उत्सुकता होती, आणि तिच्यामुळे बाईंना जास्त अवघडल्यासारखं झालं.

दुपारभर त्या वेचत राहिल्या. अळ्या वेचताना डोळे आणि बोटं कामात असतात, बाकीचा माणूस मोकळा असतो, हे त्यांना फार पूर्वीच कळलं होतं. त्या मोकळ्या भागात सव्वीस वर्षांपूर्वीची ती दुपार आली. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या. बरोबर प्रवाह मोजणारा तरुण सहकारी. अजून नवरा व्हायचा होता. सकाळी एकेचाळीस नंबर झाला होता. तो काळ्या खडकातला, थंडगार, गुडघ्याला रेटा देणारा. तिथे रीतीप्रमाणे तीन मिनिटं पायाने तळ ढवळून, खालच्या अंगाला जाळी धरून, बाईंनी बरणी भरून घेतली होती. मग जीप डोंगराला वळसा घालून पलीकडे उतरली, आणि बेचाळीसजवळ तिचं चाक बसलं. दोघांना तिथे सोडून ड्रायव्हर चाक दुरुस्त करायला गेला. त्या बाजूला खडक संपून पांढरी वाळू सुरू झाली होती. ओढा संथ होता, आवाजसुद्धा करत नव्हता. सहकाऱ्याने फीत धरून रुंदी मोजली, काठावरून यंत्र सोडून वेग मोजला, सगळं कागदावर लिहिलं, आणि ते सगळं खरं होतं. मग तो सपाट दगडावर येऊन बसला. बाई जाळी जोडत होत्या. जाळीचा दांडा अर्धा जोडलेला तसाच मांडीवर घेऊन त्याही बसल्या. तो बोलायला लागला. नंतर त्याही बोलल्या. सावली दगडावरून सरकत पाण्यापर्यंत गेली, पाण्यात उतरली, पलीकडे चढली. आता उठायला हवं असं त्यांना तीन-चार वेळा वाटलं. वाटलेलं स्पष्ट आठवत होतं, आणि आपण उठलो नाही हेही. जीपचा भोंगा वाजला तेव्हा पाय कोरडे होते आणि बरणी रिकामी.

त्या काळी कचेरीत थोरले साहेब होते. ओढे निवडायची मोहीम त्यांची, मॉडेल त्यांचं, आणि रिकामी बरणी त्यांना चालणार नव्हती. बाईंनी दुसऱ्या दिवशी एकेचाळीसची बरणी ट्रेमध्ये ओतली आणि निम्मे किडे एका नळीत, निम्मे दुसऱ्या नळीत भरले. यादी अगदीच सारखी दिसू नये म्हणून दोन कुळं गाळली. वडाची साल पिंपळाला लावणं म्हणतात ते हेच, असं तेव्हाही मनात आलं होतं. पुढच्या हंगामात जाऊन खरा नमुना घेऊ, नळी बदलून टाकू, असंही ठरवलं होतं. पुढच्या हंगामात त्यांचं लग्न झालं होतं, मोहीम संपली होती, आणि बेचाळीस नंबर मॉडेलच्या पोटात गेला होता. त्यानंतर बाईंनी एकही यादी खोटी लिहिली नाही. पाय मोडलेला किडा आला तर दोन-दोन दिवस पुस्तकं उलटत बसत. कचेरीत त्यांच्या कडकपणाचे विनोद व्हायचे. साहेबांच्या टकलावर बसलेली माशीसुद्धा बाई कुळासकट नोंदवतील, असं कुणीतरी म्हटलं होतं. हा कडकपणा कुठून आला असावा, यावर त्यांनी कधी फार विचार केला नव्हता.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा नवरा खिडकीच्या चौकटीला लेव्हलची नळी लावून बघत होता. निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं, आणि घरातली प्रत्येक आडवी गोष्ट खरंच आडवी आहे की नाही हे तो एकेक करून तपासत चालला होता. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. दोघांत बोलणं कमी झालं होतं. भांडण नव्हतं, सांगण्यासारखं एकमेकांना आधीच ठाऊक असायचं. जेवताना बाईंनी सहज काढल्यासारखा विषय काढला. डोंगरापलीकडचा तो संथ ओढा आठवतो का, जिथे जीपचं चाक बसलं होतं.

"न आठवायला काय झालं," तो म्हणाला. "तू पाण्यात उतरली होतीस. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून. मी घड्याळ धरून काठावर उभा होतो. तीन मिनिटं झाली तरी तू थांबेनास. शेवटी मी ओरडलो."

बाईंचा घास हातात राहिला. तो पुढेही सांगत होता. ऊन समोरून येत होतं, जाळीतून पाणी गळत होतं, केसांची एक बट ओली होऊन गालाला चिकटली होती. एखादी मोजणी वाचून दाखवावी इतक्या शांतपणे तो हे सांगत होता. आणि मग भाजी वाढून घेत, मान खाली घालून, म्हणाला की त्या तीन मिनिटांतच त्याने लग्नाचं विचारायचं ठरवलं होतं. हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं. बाई पाणी प्यायल्या. ओढा दुसरा कुठला असेल, असं त्यांनी सुचवून पाहिलं. त्याने मान हलवली. चाक बसलेला ओढा एकच होता.

पुढचे दोन दिवस बाई हलक्या होत्या. आपणच चुकीचं धरून बसलो असू, हा विचार आधी पाहुण्यासारखा आला आणि मग पाय पसरून बसला. माणसाची आठवण ती काय, तिच्यावर किती विसंबायचं. नवरा मोजमापाचा माणूस. अर्ध्या सेंटीमीटरवरून वाद घालणारा. त्याला बट आठवते, घड्याळ आठवतं. मग आपल्याला आठवतो तो दगड, ती सावली, ते कोरडे पाय, हे कदाचित दुसऱ्या कुठल्या दिवसाचं असेल. कदाचित कुठल्याच दिवसाचं नसेल. बेचाळीसमध्ये काही कारणाने खडकाळ ओढ्यातले किडे आले असतील. निसर्गात काय वाटेल ते होतं, हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत दुसऱ्या कुणाला खपवू दिलं नव्हतं. ते आता बसमध्ये त्या स्वतःलाच समजावून सांगत होत्या. या हलकेपणात एकच खडा टोचत होता. नवऱ्याचं खरं मानलं तर त्या दगडावरची दुपारही सोडून द्यावी लागत होती. आयुष्यात आपण एकदाच काम टाकून बसलो होतो. तेही मग झालं नव्हतं असं म्हणावं लागणार.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, त्या तळघरात गेल्या. जायची गरज नव्हती. वही चाळून 'नोंद बरोबर आहे' एवढं वर कळवलं असतं तरी चाललं असतं. किल्लीवाल्याने दिवा लावून दिला आणि तो निघून गेला. लोखंडी मांडण्यांवर खोकी, खोक्यांत नळ्या, स्पिरिटचा कडवट वास. बेचाळीसची नळी जागच्या जागी होती, त्यांच्याच तरुण, गोलसर अक्षरातल्या चिठ्ठीसकट. स्पिरिट पिवळं पडलं होतं, किडे सगळे एका रंगाचे झाले होते. वर आणून त्यांनी ते बशीत ओतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. खळाळत्या पाण्यातच राहणाऱ्या दगडमाशीच्या पिल्लांकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या शोधत होत्या ती घरकुली अळी. ही अळी पाण्याच्या तळातले वाळूचे कण उचलते, तोंडातल्या रेशमाने एकमेकांना चिकटवते आणि स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते. लांबून कण आणायला तिला सवड नसते. जे पायाशी असेल ते वापरते. बेचाळीसच्या तळाला काय होतं ते नवऱ्याच्या कागदावर लिहिलेलं होतं: पांढरी वाळू, गारगोट्या. बशीत सात घरकुलं होती. बाईंनी एकेक सुईने फिरवून पाहिलं. सातही घरं काळ्या खडकाच्या कणांची होती. पांढरा कण एकही नव्हता.

त्यांनी पुन्हा एकदा मोजलं. मग दिवा बंद केला आणि डोळे मिटून तशाच बसल्या. वाईट वाटेल असं त्यांनी धरलं होतं. वाटलं, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. म्हणजे दगड होता, सावली सरकली होती, हे त्यांच्या मनात अगदी साध्या आवाजात उमटलं, आणि त्या आवाजाची त्यांना जरा लाजच वाटली.

गणितीण वर जेवणाचा डबा धुऊन पुसत होती. बाईंनी दार लावून घेतलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: एक बरणी, दोन नळ्या, गाळलेली दोन कुळं, काळे कण. गणितिणीने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"पण का?" तिने विचारलं.

"बसून राहिले."

"म्हणजे?"

"दगडावर बसले होते. उठावंसं वाटलं नाही."

गणितिणीने डबा बाजूला ठेवला. मग खुर्चीत बसून तिने बेचाळीस नंबर यादीतून काढला आणि मॉडेल पुन्हा चालवलं. बाई मागे उभ्या राहून पडद्याकडे पाहत होत्या. एकशे तीसमधला एक, काय फरक पडणार, असं त्यांना वाटत होतं. पण तसल्या संथ, वाळूच्या ओढ्यांच्या गटात निवडलेले ओढे मुळात सहाच होते. त्याच गटात बसणाऱ्या कारखान्याच्या ओढ्यात अपेक्षित कुळं चौदा होती ती तेराच्याही खाली आली. सापडलेली तीच, आठ. पॉइंट सत्तावन्नचे पॉइंट बासष्ट झाले. ओढा रेषेच्या खालून वर आला. म्हणजे इतकी वर्षं मॉडेल त्या गटातल्या प्रत्येक ओढ्यात दगडमाशी शोधत होतं, तिथे ती कधीच राहत नव्हती, आणि न सापडल्याबद्दल ओढ्याला गुण कापत होतं. "कारखान्याला हेच हवं होतं," गणितीण म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. तो ओढा दोघींनी पाहिलेला होता. पुलावर उभं राहिलं तर कुजलेल्या फळांची आंबूस हवा नाकात शिरायची आणि दगडांवर राखाडी साय धरलेली असायची.

मुख्य साहेबांकडे दोघी बरोबर गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून नाकाचा शेंडा चोळला, आणि बाईंना बसायला सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "ओढा घाण आहे हे तुम्हाला माहीत आहे, मलाही. आकडा चुकीच्या रस्त्याने बरोबर गावाला पोचलाय. सुनावणी होऊन जाऊ दे, मग काय ते दुरुस्त करू." बाईंना त्यांचं म्हणणं पटलं, हीच अडचण होती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात कुणीतरी धुतलेल्या जाळ्या वाळत टाकल्या होत्या. असंच काहीतरी आपणही तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, पुढच्या हंगामात दुरुस्त करू, हे त्यांना आठवलं. पण हे बोलून दाखवणं नाटकी झालं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं की लेखी निवेदन त्या आजच देतील. गणितीण म्हणाली की सुनावणीत आकडा तिला वाचायचा आहे आणि पॉइंट सत्तावन्न तिच्या तोंडून आता येणार नाही. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला.

पुढे जे व्हायचं ते झालं. सुनावणीत कचेरीने स्वतःहूनच आकडा मागे घेतला. कारखान्याच्या वकिलाला त्याचा इतका अचंबा वाटला, की तयार करून आणलेलं भाषण त्याने अर्धं तरी करूनच घेतलं. चारही ऋतूंत नव्याने नमुने घ्या, मग या, असा निकाल झाला. म्हणजे कारखान्याला आणखी एक वर्ष सांडायला मोकळीक. बाईंची चौकशी झाली, ती अर्ध्या तासात आटोपली, कारण नाकारण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यांनी वेचायचं, ओळखायचं, पण यादीखाली सही दुसऱ्याने करायची, असं ठरलं. सही करायला जो आला त्याला दगडमाशी आणि मेफ्लाय या दोन किड्यांतला फरक कळत नसे. तो रोज येऊन, बाई मी करू ना सही, असं विचारायचा, आणि बाई कर म्हणायच्या. बेचाळीस नंबरवर दुसरे लोक पाठवले गेले. त्यांनी तीन मिनिटं ढवळून खरी बरणी आणली. अकरा कुळं, दगडमाशी नाही. ती बाईंनीच वेचली. त्यातल्या घरकुलांच्या भिंती पांढऱ्या होत्या, दिव्याखाली साखरेसारख्या चमकत होत्या.

हे सगळं होईतो नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. चौकशीच्या निकालाचं पत्र घरी आलं तेव्हा सांगावं लागलं. त्याने पत्र दोनदा वाचलं. नोकरीबद्दल, सहीबद्दल तो काहीच बोलला नाही. 'पाण्यात उतरले नाही' या शब्दांवर त्याचं बोट थांबलं होतं. असं कसं होईल, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग मी काय पाहिलं? बाईंनी घरकुलांबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, न कळवता, इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत आला. एका इमारतीत दोघांनी इतकी वर्षं काढली, पण तळमजल्यावरच्या त्या खोलीत तो जेमतेम दाराशी यायचा.

"दाखव," तो म्हणाला.

बाईंनी जुनी नळी काढली. एक घरकुल बशीत ठेवलं, खुर्ची त्याच्या उंचीला लावून दिली. सूक्ष्मदर्शकातून त्याने कधी पाहिलं नव्हतं. आधी त्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग नुसता उजेड, मग बाईंनी चाकी फिरवली आणि कण दिसले. बराच वेळ बघत होता. मागून त्याची मान दिसत होती, तिथले केस आता विरळ झाले होते. मोजतोय, हे बाईंना कळलं.

"काळे आहेत," तो म्हणाला. डोळा काढला नाही. "सगळे."

"हो."

"मग मी काठावर घड्याळ घेऊन उभा नव्हतो."

"नव्हतात. आपण दोघं बसलो होतो."

त्याने डोळा काढला, चष्मा घातला, आणि खुर्ची बाईंकडे वळवली. हरल्यासारखा दिसत नव्हता. हिशेब चुकलेल्या ठिकाणी परत येऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसत होता. सहीवाला बाजूच्या टेबलावर कागद चाळत होता, त्याला बाईंनी चहा पिऊन यायला सांगितलं. तो गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "इतका वेळ? काय बोलत होतो?"

"तुम्हीच बोलत होतात जास्त. तुम्हाला पोहता येत नाही, ते सांगितलंत."

त्याचा चेहरा हलला नाही. पण गुडघ्यावरचा हात उचलला गेला आणि पुन्हा गुडघ्यावर आला. चार वर्षं पाण्यावर नोकरी करत होतात आणि कुणाला सांगितलं नव्हतं, बाई सांगत राहिल्या. प्रवाहात उतरायची वेळ आली की यंत्र बिघडल्याचा बहाणा करत होतात. म्हणून काठावरून मोजायची ती पद्धत बसवलीत. तिचं पुढे सगळ्यांनी कौतुक केलं.

"हे मी सांगितलं? तुला?"

"हो."

लग्नानंतर एकदाही त्याने हे कबूल केलं नव्हतं. समुद्रावर गेले की त्याला सर्दी असायची. मुलीला पोहायला शिकवायची वेळ आली तेव्हा कंबर धरली होती, आणि आठवडाभर तो घरात वाकून चालला होता. बाईंनी तेव्हा कंबरेला मलम चोळून दिलं होतं.

"म्हणजे कंबरेच्या वेळी..." तो म्हणाला.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या, आणि बशीतलं घरकुल चिमट्याने उचलून त्यांनी हळूच परत नळीत सोडलं.